सरळ जाणारा ड्रायव्हर

९ नोव्हेंबर, रविवार

पुण्याचे पाहुणे येऊन गेले. आमच्या सृष्टीनं तिच्या पुण्यातल्या ऑफिसातला मुलगा पसंत केलाय, उत्कर्ष पायगुडे. त्याचे आईवडील तुळजापूरला दर्शनाला निघाले होते, मुद्दाम वाट वाकडी करून तेरखेड्याला आमच्याकडं चहाला आले. पोरगा वाकून पाया पडला. पास.

बायका आत गेल्या. बाहेर मी आणि मुलाचे वडील, इंद्रजित पायगुडे. पद्धतीप्रमाणं विचारलं, आपण कुठं असता?

म्हणाले, मी गोल्फ क्लबला असतो.

मी खुर्ची पुढं ओढली. विचारलं, रोज? म्हणाले, रोज. सकाळी दहा ते रात्री आठ. रविवारी बंद. वडिलांपासून तिथंच आहोत आम्ही.

दहा तास! या वयात! आणि पिढीजात! रविवारी जात नाहीत, कारण त्या दिवशी हौशे-नवशे-गवशे येत असणार. आणि माणूस किती साधा. चेक्सचा शर्ट, पायात सँडल. खरी श्रीमंती अशीच असते. मला ती फक्त नावात मिळाली. श्रीमंत बलभीम कवडे, ठिबक आणि पाइपचे विक्रेते. पुढं श्रीमंत, मागं कवडी.

माझी पोरगी या घरात जाणार. उद्या तिथं कोणी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर ती काय सांगणार, पाइप विकतात?

तोंडातून निघून गेलं, मीपण गोल्फ खेळतो.

नेमकी सौ. चहा घेऊन येत होती. बशी वाजली. पायगुडे सावरून बसले. मग म्हणाले, अरे वा. पुण्याला आलात की बघू तुमचा खेळ. चांगलेच इम्प्रेस झाले. चहा गटागटा पिऊन निघाले.

ठरलं: तेवीस तारखेला त्यांच्या घरी बैठक. साखरपुड्याची तारीख तिथंच काढायची.

संकल्प: तेवीसपर्यंत गोल्फ शिकणे. चेंडू उभा असतो, पळावं लागत नाही. अवघड काय आहे त्यात.

१० नोव्हेंबर

सृष्टीचा फोन. चिडलेली. पप्पा, तुम्ही गोल्फ कधी खेळलात? म्हटलं, त्यांच्या बरोबरीचं दिसावं म्हणून बोललो. म्हणाली, बरोबरीचं? अहो, त्यांचं तर... तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तू काळजी करू नकोस म्हणून फोन ठेवला.

पोरगी हळवी आहे. आईवर गेलीय.

१३ नोव्हेंबर

किट आलं. ऑनलाइन, वापरलेलं. पिशवीत सात काठ्या. सगळ्यात लांब आणि सगळ्यात मोठ्या डोक्याची, तिला ड्रायव्हर म्हणतात. पहिला फटका तिनंच मारायचा. चेंडू ज्याच्यावर ठेवतात ती खुंटी म्हणजे टी. टी पाच मिळाल्या, चार बसवून बघतानाच मोडल्या. ठिबकची नळी कापून नव्या केल्या. आपल्या धंद्यातली अक्कल कुठंही कामाला येते.

सौ. म्हणाली, आधी चष्मा बदला, पाच वर्षं झाली. आणि परक्याकडं कशाला जाता, पाहुण्यांकडंच डोळे दाखवा की.

पाहुण्यांना डोळे दाखवू? सोयरीक व्हायच्या आधी? ही बाई काय बोलते तिचं तिला कळत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानामागच्या रानात प्रॅक्टिस. सोयाबीन निघालंय, रान मोकळं आहे. ताकद भरपूर आहे माझ्यात. चेंडू असा गेला की बास. फक्त समोर जाता जाता उजवीकडं वळला. दुसराही. तिसराही.

उजवीकडं मुनवरभाईंचा फटाक्यांचा कारखाना आहे.

मुनवरभाई आले. शाळेपासूनचे दोस्त आहोत, पण असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. म्हणाले, श्रीमंतशेठ, आम्ही आत मोबाईल नेत नाही. पायातली चप्पल बाहेर काढतो. आणि तुम्ही वरून पत्र्यावर गोळे टाकताय? वीस बाया दारू भरायचं सोडून रानात पळाल्या. एक अजून सापडली न्हाय.

मी गोल्फचं सांगितलं. म्हणाले, ह्यो तर विटीदांडूच की, फक्त विटी गोल केलीय.

तोडगा निघाला. शुक्रवारी दुपारी जुम्माच्या नमाजेपुरता कारखाना बंद असतो. तेवढ्या वेळातच खेळायचं. म्हणजे आठवड्यात एकदा. खेळाडूला असं बांधून ठेवल्यावर भारतात गोल्फ वाढणार कसा?

१६ नोव्हेंबर

सकाळपासून व्हिडिओ बघितले. एक गोरा फार छान समजावतो. माझा चेंडू असा उजवीकडं वळतो त्याला स्लाइस म्हणतात. मोठमोठ्यांना होतो. म्हणजे मी त्या पातळीवर आलेलो आहे.

सौ. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

प्रथमच मुद्द्याचं बोलली. खरंच, रानाला उजवीकडं उतार आहे. ट्रॅक्टर बोलावून अर्धा एकर सपाट करून घेतलं. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं काय पेरणार. म्हटलं, चेंडू. गावभर सांगत सुटला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रान सपाट. चेंडू उजवीकडंच.

पायगुड्यांना फोन केला, कंबर धरलीय, तेवीसला जमणार नाही. म्हणाले, बरं बरं, तब्येतीला जपा. किती समजूतदार माणूस. खेळाडूला खेळाडूचं दुखणं कळतं. सात डिसेंबर ठरली.

२४ नोव्हेंबर

सापडलं! दोष माझ्यात नाहीच. दोष ड्रायव्हरमध्ये आहे.

याचं डोकं चारशे साठ सी.सी.चं आहे. काठी छातीपर्यंत येते. एवढं अवजड घेऊन फिरलं की तोंड उघडं राहतं (ड्रायव्हरचं), आणि चेंडू उजवीकडं पळतो. गोरा म्हणतो, ज्यांना लांबीपेक्षा नेम महत्त्वाचा, त्यांनी कॉम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. डोकं लहान, दांडा आखूड, लॉफ्ट म्हणजे तोंडाचा वरचा कल जास्त. टीवरून सरळ जातो.

मुनवरभाईंना आनंदानं सांगितलं. म्हणाले, चारशे साठ सी.सी.? बुलेटपेक्षा मोठी? मग लायसन लागंल की तुमाला. मी म्हटलं, आता तीनशे चाळीसची घेतोय. म्हणाले, अॅव्हरेज वाढंल.

असल्या लोकांत राहून मी काय खेळणार.

२७ नोव्हेंबर

कॉम्पॅक्ट ड्रायव्हर कुठं मिळेना. नवा मागवला तर लग्न होऊन जाईल. सोलापूर, लातूर, कोणाकडं जुना पडलेला असेल म्हणून व्यापारी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं: कॉम्पॅक्ट ड्रायव्हर पाहिजे. उंची कमी, डोकं लहान. टीवरून सरळ जाणारा. वापरलेला चालेल.

दहा मिनिटांत धडाधड मेसेज. मराठवाड्यात गोल्फ एवढा पोहोचलाय हे मला माहीत नव्हतं. एकानं मात्र विचारलं, डोकं लहान कशाला? मालकापेक्षा जास्त चालू नये म्हणून का? कळलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी शटर वर केलं तर बाहेर माणसं उभी. सगळी बुटकी. एकानं आधारकार्ड पुढं केलं. दुसरा म्हणाला, एस.टी.त बदली ड्रायव्हर होतो. तिसरा नुसता उभा. त्याची शिफारस भावानं केली होती, डोकं लहान आहे म्हणून.

मी प्रत्येकाला गोल्फ समजावून सांगितला. कोणी गेलं नाही. उलट चहा मागितला.

त्यातला एक जवळच्याच वाशीचा इरशाद. पंचेचाळिशीचा, उंची दुकानाच्या काउंटरएवढी, मिशी त्याच्यापेक्षा मोठी. पुढं येऊन म्हणाला, साब, सरळ जाणारा पाहिजे ना? मग बाकीच्यांना घरी पाठवा. ये सब शामको टाकते. अपन सिर्फ टी पे सीधे जाते.

सौ. आतून ऐकत होती. बाहेर आली आणि त्याला कामावर ठेवूनच घेतलं. म्हणे, मागच्या महिन्यात तुम्ही गाडी स्वतःच्या दुकानाच्या शटरमध्ये घातली. उद्यापासून गाडी हा चालवेल.

मी म्हटलं, शटर अर्धं खाली होतं. म्हणाली, पूर्ण खाली होतं.

आज शुक्रवार वाया गेला. जुम्माची नमाज होऊन मुनवरभाईंची माणसं कामावर आली, तेव्हा कुठं हे बुटके पांगले.

४ डिसेंबर

इरशाद वैताग आहे. सीटवर दोन उशा, त्यावर बेडशीट, त्यावर तो. सतत बोलतो. मी गोल्फचा व्हिडिओ बघत असलो की मान वळवून बघतो आणि गाडी चालवतो. पण गाडी जाते सुतात. हे मान्य करावं लागेल.

सातची बैठक पुढं ढकलली. सांगितलं, दुकानात स्टॉक मोजायचाय. चौदा ठरली. पायगुडे म्हणाले, तुमच्या सोयीनं. आवाज बारीक होता. मोठ्या खेळाडूबरोबर पहिल्यांदा खेळायचं म्हटल्यावर टेन्शन येणारच. मी समजू शकतो.

सृष्टी मात्र ओरडली. म्हणाली, पप्पा, इथं मला रोज विचारतात. तुम्हाला हे लग्न करायचं आहे का नाही, एवढं सांगा.

ही काय भाषा झाली बापाशी बोलायची? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. हाताला फोड आलेत. फोन सौ.कडं दिला आणि रानात जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

९ डिसेंबर

आला! कॉम्पॅक्ट ड्रायव्हर आला. पुण्याच्या एका गृहस्थानं गुडघा गेल्यामुळं विकला. तीनशे चाळीस सी.सी., तेरा डिग्री लॉफ्ट, दांडा चार बोटं आखूड. डोकं कसं, तर नारळाच्या वाटीएवढं. किती देखणी वस्तू आहे! देवघरात ठेवून कुंकू लावलं. सौ.नं देवाला हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली, मला ऐकू आलं नाही.

फक्त हातात धरून बघितला. शुक्रवारपर्यंत धीर धरायचा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

यश! चेंडू उजवीकडं गेला नाही.

डावीकडं गेला. सगळेच. पण उजवीकडं एकही नाही. गोरा म्हणतोच, छोट्या डोक्याला फटका नेमका मधोमध बसावा लागतो, मोठ्यासारखं चुकल्यावर ते सांभाळून घेत नाही. म्हणजे मी आता अवघड ड्रायव्हर वापरतो. सोपा मागं पडला.

इरशाद बांधावर बसून बघत होता. म्हणाला, साब, आपण चेंडूकडं बघता का चेंडूच्या शेजारी? नोकर डोक्यावर बसायला लागलाय. त्याला चहा आणायला पाठवलं.

उजवं आणि डावं दोन्ही झालं. आता फक्त मधलं राहिलंय. चौदाची बैठक रद्द केली. कारण सांगितलं, येळवसेचा सण जवळ आलाय, रानात काम आहे. पायगुडे म्हणाले, समजलो.

बरं झालं समजले.

१९ डिसेंबर, येळवस

लिहायला हात धजत नाही.

येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आख्खा जिल्हा रानात असतो. ज्वारीत कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, लक्ष्मीची पूजा, मग जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, प्यायला आंबील. धाराशिवात म्हणे दुकानं बंद, रस्ते ओस. आमच्या डावीकडच्या रानात चन्नबसप्पांचं कुटुंब, पाहुण्यांसकट चाळीस-पन्नास माणसं. कारखानाही बंद. म्हणजे उजवीकडं कोणी नाही. मी विचार केला, चला, दोन-चार मारून घेऊ.

डावीकडचं लक्षातच आलं नाही.

चेंडू गेला तो सरळ चन्नबसप्पांच्या कोपीत, आंबिलीच्या मडक्यात. मडकं फुटलं नाही. आत गेला. वर नुसता बुडबुडा आला म्हणे. चन्नबसप्पांच्या घरी चन्नम्मा नावाची नव्वदीची म्हातारी आहे. तिनं हात जोडले, लक्ष्मीनं फळ दिलं म्हणाली, आणि तो चेंडू धुऊन कोपीत देवापुढं ठेवला. आता तो मागायची सोय नाही. सौ. माझ्याकडं वळून वळून बघत होती. सगळ्या शिवारानं माझ्या नावानं आंबील प्याली.

नेम तसा बघितला तर अचूक होता.

२१ डिसेंबर

पौष लागला! सुटलो! आता महिनाभर लग्नाचं नाव कोणी काढणार नाही. पायगुड्यांना मेसेज केला, पौषात काही नको, संपल्यावर बघू. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

सृष्टीचा फोन आला नाही. आईला येतो, माझ्याशी बोलत नाही.

१० जानेवारी

सौ. जेवताना वाढायचं थांबली. मग एकदमच बोलली. म्हणाली, पोरगी तिकडं रडते. त्या घरानं अजून नाही म्हटलं नाही, ही त्यांची माणुसकी. पौष संपला की पहिल्या रविवारी, पंचवीसला, मी पुण्याला जाणार. इरशादला सांगून ठेवलंय. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर बसा चेंडू हाणत.

मी म्हटलं, ड्रायव्हर सरळ झाल्याशिवाय मी पायगुड्यांना तोंड कसं दाखवू?

म्हणाली, तुमचं तोंड कोणाला बघायचंय? पोरीचं बघा.

ताट तसंच ठेवून उठलो. नंतर भूक लागली, पण मागायचं कसं.

२३ जानेवारी, शुक्रवार

शेवटची प्रॅक्टिस. एक चेंडू सरळ गेला! शप्पथ. मुनवरभाईसुद्धा नमाजेहून येताना थांबले होते, त्यांनी बघितला. म्हणाले, सरळ व्हता, पर लई जवळ पडला.

सरळ तो सरळ. पिशवी गाडीत ठेवली.

२५ जानेवारी, रविवार. पुणे, संध्याकाळ

लिहू का नको असं होतंय. लिहितो.

पायगुड्यांचं घर जिन्यानं चढून तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, किचन. मनात म्हटलं, साधेपणाची कमाल आहे. पायगुडे घरात नवे पांढरे बूट घालून बसलेले. डोक्याला टोपी. सृष्टी किचनच्या दारात, डोळे सुजलेले. चहा झाला, पोहे झाले. मग पायगुडेच उठले. म्हणाले, चला, आधी तुमचा खेळ बघू, मग निवांत बसू. चेहरा ऑपरेशनला निघालेल्या माणसासारखा. उत्कर्ष मी येतो म्हणाला, त्याला हातानंच थांबवलं.

क्लब चालत जायच्या अंतरावर. मोठं गेट, वॉचमन. मी पिशवी खांद्यावर घेऊन एक पाऊल मागं थांबलो, यजमानाला मान द्यावा म्हणून. ते माझ्या मागं थांबले. मी म्हटलं, पुढं व्हा. ते म्हणाले, छे छे, तुम्ही व्हा. वॉचमननं विचारलं, मेंबर कोण आहे? मी पायगुड्यांकडं बोट केलं. त्यांनी माझ्याकडं. मागून एक गाडी हॉर्न मारत होती. वॉचमननं आम्हाला दोघांना बाजूला घेतलं.

मी म्हटलं, अहो, तुम्ही रोज गोल्फ क्लबला असता ना?

ते म्हणाले, असतो की. चौकात. गोल्फ क्लब चौक. तिथं चष्म्याचं दुकान आहे आमचं, वडिलांपासून. आम्ही नुसतं गोल्फ क्लबच म्हणतो, बसचा कंडक्टरसुद्धा तेच म्हणतो. आत कधी गेलो नाही मी.

दहा ते आठ. रविवारी बंद.

मी खाली बसलो. फुटपाथच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन. सौ.ला माहीत होतं. अख्ख्या जगाला माहीत होतं. मी विचारलं, मग ही टोपी? म्हणाले, तुमच्यासाठी घेतली. बूटही. नियमसुद्धा पाठ केले, निदान समोर उभं राहता यावं म्हणून.

मग ते माझ्याशेजारी बसले आणि हळू बोलायला लागले. म्हणाले, नाव श्रीमंत, खेळ गोल्फ, आम्ही घाबरलोच होतो. त्यात तुम्ही तीनदा तारीख बदलली. वर पौष. आम्ही समजलो, आमचं घर तुम्हाला लहान पडलं, तोंडावर सांगत नाहीत इतकंच. उत्कर्षच्या आईनं तर आशा सोडली होती. शेवटी मी सृष्टीलाच विचारलं, बाळ, तुझ्या पप्पांचं आमच्याबद्दल मत काय आहे? ती म्हणाली, मत चांगलंच आहे. मला लांब पाठवायचं त्यांच्या जिवावर आलंय, म्हणून तारखा ढकलतात. थोडं थांबा.

माझी पोरगी. मी तिचं लग्न मोडायला निघालो होतो आणि ती तिकडं माझी अब्रू झाकत बसली होती. त्या घरात मी लहान दिसू नये म्हणून मी काठ्या फिरवत होतो, आणि ती मला एकटीनं मोठं करत होती. लाज वाटली. भर रस्त्यात डोळ्यांत पाणी आलं. आणि एक गोष्ट आणखी, जी कोणाला सांगणार नाही: ती जे बोलली ते तिला खोटं वाटत असेल, पण मला आता तसं वाटत नाही. ती जाणार म्हटलं की मी काठी घेऊन रानात पळतो. ते पळणं मला प्रॅक्टिससाठी आहे असंच वाटत होतं.

मी पायगुड्यांना सगळं सांगितलं. फटाक्याचा कारखाना, आंबील, बुटके ड्रायव्हर. ते आधी ऐकत होते, मग हसायला लागले, मग टोपी काढून डोळे पुसायला लागले. वॉचमननं आम्हाला आणखी लांब जायला सांगितलं.

घरी न जाता त्यांनी दुकान उघडलं, रविवार असून. मला खुर्चीवर बसवलं, अक्षरं वाचायला लावली. तिसऱ्या ओळीपासून मी अंदाजानं वाचलं. म्हणाले, कवडेसाहेब, नंबर बराच वाढलाय, आणि डाव्या डोळ्याला तिरपं दिसतंय. तुम्ही चेंडू मारत होता तो तिथं नव्हताच. सौ. आधीच सांगत होती, असं मी म्हटलं नाही.

घरी आलो तेव्हा सृष्टी दारात उभी होती. तिनं सासऱ्यांना विचारलं, कसा झाला खेळ? पायगुडे म्हणाले, एकदम सरळ. आणि बूट काढून कोपऱ्यात ठेवले.

ती माझ्याकडं बघायला लागली. मी पिशवी खाली ठेवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

आठ फेब्रुवारीला साखरपुडा, तेरखेड्यात. तारीख मी काढली. कोणी बदलायचं म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा झाला. सृष्टी हसत होती, फोटोवाल्याला सांगावं लागलं नाही. मुनवरभाईंनी शंभर फुटांची माळ फुकट लावली. चन्नम्मा म्हातारीला आणलं होतं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, म्हणाली, तुझ्या फळानं आमची ज्वारी लई चांगली आली.

मानपानाला व्याही पुढं आले. शाल, नारळ, टोपी, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांब. सोडलं तर ड्रायव्हर. नवा कोरा. चारशे साठ सी.सी., मोठ्या डोक्याचा. डिसेंबरातच आणून ठेवलेला म्हणे, तुमचं मन वळावं म्हणून, आता दुकानदार परत घेत नाही. विहीणबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं. सौ. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आता काय अंगण आणखी सपाट करायचं का?

जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आग्रह केला, एक फटका मारून दाखवा. नको नको म्हणत मांडवामागच्या रानात गेलो. डोळ्यांवर व्याह्यांनी स्वतः बसवून दिलेला नवा चष्मा. चेंडूवर लिहिलेलं नावसुद्धा वाचता येत होतं. हा नवा आणि कॉम्पॅक्ट, दोन्ही ड्रायव्हर हातात घेऊन बघितले. मानाचा म्हणून मोठा निवडला. मारला.

नवा चष्मा फार चांगला आहे. चेंडू कुठं जातो ते पहिल्यांदा शेवटपर्यंत स्वच्छ दिसलं. उजवीकडं.

मुनवरभाई पत्र्याचा आवाज ऐकून म्हणाले, असू द्या, आज सुट्टी हाय, ह्यो आमच्याकडचा अहेर समजा.

संध्याकाळी पाहुण्यांना येडशी स्टेशनला सोडायला इरशाद गाडी घेऊन गेला. सृष्टीही गेली, उद्या तिचं ऑफिस आहे. मी रस्त्यावर उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. चष्म्यामुळं जरा जास्तच वेळ दिसली.

माझ्याकडं आता चार ड्रायव्हर आहेत. त्यातला एकच सरळ जातो, आणि आज तो माझ्या पोरीला घेऊन गेला.